ठिगळ लावणाऱ्यांचा इतिहास



सोलापुरात उभे राहून मागाविषयी बोलण्याचे धाडस बाहेरच्या माणसाने करू नये, हे मी जाणतो. येथे बसलेल्या कित्येकांचे बालपण मागाच्या खडखडाटात गेले असेल. धोटा कसा चालतो हे त्यांना मी सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवण्यासारखे आहे. तरीही आजच्या विषयाचा आरंभ मला पूर्व भागातल्या एखाद्या मागापासूनच केला पाहिजे. विषय आहे तो संगणकाच्या आज्ञावलीचा, आणि त्यातही अशा आज्ञावलींचा, की ज्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत, ज्यांची मूळ संहिता कोणीही वाचावी, उतरून घ्यावी, सुधारावी आणि सुधारलेली परत आणून द्यावी. असे काम जगभरची माणसे, पुष्कळदा एक पैसाही न घेता, गेली चाळीस वर्षे करीत आहेत. त्यांचा हा इतिहास आहे. तो मागापासून का सुरू होतो, ते प्रथम सांगतो.

आपल्या चादरीवर मोर येतो, फुले येतात, अक्षरेही येतात. ती विणणाऱ्या कारागिराला पाठ असावी लागत नाहीत; ती मागाच्या माथ्यावर टांगलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत असतात. कार्डाला जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेले उभे धागे उचलले जातात. जेथे भोक नसेल तेथे धागे खालीच राहतात. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डांची तीच माळ दुसऱ्या मागावर चढवा, तोच मोर पुन्हा विणला जाईल. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्याची जागा विजेवर चालणाऱ्या यंत्रणेने घेतली आहे. पण तत्त्व तेच आहे. यंत्र वेगळे आणि यंत्राला सांगावयाचे काम वेगळे, अशी ही फारकत आहे, आणि आज्ञावली म्हणजे दुसरे काही नाही.

ही युक्ती ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या जोसेफ मारी जॅकार्डने आपला माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियों शहरात सिद्ध केला. पोटावर पाय येणार या भीतीने तेथल्या विणकरांनी त्याचे माग जाळले, ही हकिकत पुष्कळांनी ऐकली असेल. तिच्यामागून जे घडले ते मात्र फारसे सांगितले जात नाही. १८०६ साली फ्रेंच सरकारने हा माग सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केला. कोणीही तो बांधावा, कोणीही चालवावा. जॅकार्डला त्याबद्दल निवृत्तिवेतन मिळाले आणि प्रत्येक नव्या मागामागे काही रक्कमही. १८१२ पर्यंत एकट्या फ्रान्समध्ये असे ११,००० माग चालू झाले होते. शोध सर्वांचा झाला आणि शोधकाचेही पोट भरले. पुढे ज्या प्रश्नावरून एवढे रण माजले, तो प्रश्न एका राजसत्तेने दोनशे वर्षांपूर्वी इतक्या सहजपणे सोडवला होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

जॅकार्डचे रेशमात विणलेले एक चित्र आहे. ते विणण्यास सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत इंग्लंडात चार्ल्स बॅबेज या गणित्याने आपल्या घरी लावली होती. आकडेमोड करणारे यंत्र अशाच कार्डांवर चालवावे, ही कल्पना त्याने मागावरून घेतली. त्याच्या यंत्रावर १८४३ साली टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या विदुषीनेही माग जशी फुलेपाने विणतो तसे हे यंत्र बीजगणित विणील, अशीच उपमा वापरली. बॅबेजचे यंत्र पुरे झाले नाही. पण भोके पाडलेले कार्ड टिकले. अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीत ते माणसे मोजण्याच्या कामी आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर पहिले संगणक आले तेव्हा त्यांना हुकूम द्यावयाचे ते याच कार्डांवरून, किंवा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून.

कार्डात चुकून एखादे भोक पडले तर काय करावयाचे? मागावर जे करतात तेच संगणकावाल्यांनी केले: त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. ठिगळ लावले. इंग्रजीत यालाच ‘पॅच’ म्हणतात. पुढे कार्डे गेली, फिती गेल्या, सारे पडद्यावर आले. पण आज्ञावलीतील चूक दुरुस्त करणाऱ्या तुकड्याचे नाव पॅच हेच राहिले. आज कोणी जपानमधून किंवा ब्राझीलमधून एखाद्या सामाईक आज्ञावलीत सुधारणा पाठवतो, तेव्हा तो ठिगळच पाठवत असतो. आपल्याकडे या शब्दाला दारिद्र्याचा वास आहे. तो क्षणभर बाजूस ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.

आता मागावरून जरा पोथीकडे वळतो. मग संगणकाकडे येऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सांगितली गेली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरून घेतली जात होती. तिच्यावर कोणाची मालकी नव्हती. ज्याला अक्षर येई त्याने उतरून घ्यावी, दुसऱ्याला द्यावी. म्हणूनच ती टिकली. आणि म्हणूनच ती बिघडलीही. कोणाच्या हातून शब्द सुटला, कोणी न कळलेला शब्द बदलून सोपा केला, कोणी भक्तीच्या भरात आपली ओवी आत घातली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावून ठेवले. आमच्या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून, १२५९ हस्तलिखिते पाहून, महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तीही याच जातीची कामगिरी. मला यातून जे दिसते ते असे: जे सर्वांसाठी खुले असते ते अनेक हातांनी वाचते आणि अनेक हातांनीच नासते, आणि त्यास कोणीतरी राखणदार लागतो. खुल्या आज्ञावलींचा सारा इतिहास मला या राखणदाराच्या बाजूने पाहावासा वाटतो. तो सहसा दुसऱ्या बाजूने, म्हणजे बंडखोरांच्या बाजूने सांगितला जातो.

बंडाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. आरंभी आज्ञावली कोणी विकतच नसे. विकावयाचे ते यंत्र. १९५५ साली आय.बी.एम.ची यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ काढले आणि एकमेकांनी लिहिलेल्या आज्ञावली वाटून घेण्यास सुरुवात केली. १९६९ मध्ये त्या कंपनीने यंत्राची किंमत आणि आज्ञावलीची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत युनिक्स जन्मास आले. १९७६ च्या फेब्रुवारीत तरुण बिल गेट्सने हौशी लोकांना एक उघडे पत्र लिहून विचारले, की तुम्ही आमची आज्ञावली फुकट उतरून घेता, मग ती लिहिणाऱ्याने खावे काय? त्याचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण त्याने आणि त्याच्या पिढीने काढलेले उत्तर असे होते, की गिऱ्हाइकाला चादर द्यावयाची, कार्डे द्यावयाची नाहीत. माणसाला वाचता येणारी मूळ संहिता घरात ठेवावयाची आणि केवळ यंत्राला कळणारे आकडे विकावयाचे. चादर उसवून नक्षी शोधता येते म्हणा, पण त्यात जन्म जातो.

या बंद होत चाललेल्या दारांच्या काळातील एक प्रकरण मला विशेष आवडते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे अध्यापक होते. त्यांनी १९७६ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीची मूळ संहिता, जेमतेम नऊ-दहा हजार ओळींची, विद्यार्थ्यांसाठी छापली आणि तिच्यावर ओळीओळीने टीका लिहिली. आपल्या परंपरेत भाष्य म्हणतात तसे ते पुस्तक होते. पुढच्या आवृत्तीपासून मालकांनी वर्गात संहिता शिकवण्यास मनाई केली. झाले, लायन्सच्या पुस्तकाच्या छायाप्रती, आणि छायाप्रतींच्या छायाप्रती, विद्यापीठातून विद्यापीठात फिरू लागल्या. पुढे पुढे अक्षर इतके पुसट होई, की प्रत किती हातांतून आली आहे ते त्यावरून ओळखावे. ते रीतसर प्रसिद्ध झाले १९९६ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी या पोथीवर वाढली होती.

अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये रिचर्ड स्टॉलमन हा गृहस्थ होता. प्रयोगशाळेतील छपाईयंत्रात कागद अडकत असे आणि त्याची दुरुस्ती त्याला स्वतः करता आली असती. परंतु संहिता ज्याच्याजवळ होती त्याने ती न देण्याचा करार केलेला होता. एवढ्याशा गोष्टीवरून स्टॉलमनच्या डोक्यात तिडीक गेली आणि २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने संपूर्ण मुक्त अशी आज्ञावली-संपदा निर्माण करण्याचा संकल्प जाहीर केला. १९८९ मध्ये त्याने जो परवाना तयार केला, त्याला मी त्याच्या सर्व लेखनापेक्षा मोठा मानतो. वापरा, अभ्यासा, वाटा, बदला. मात्र बदललेले दुसऱ्याला देताना त्याची संहिताही त्याच अटीवर द्या. जॅकार्डच्या बाबतीत जे काम सरकारी हुकुमाने झाले, ते येथे एका करारनाम्याने केले. १९९१ च्या २५ ऑगस्टला हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी प्रणाली करीत आहोत, असे इतरांना कळवले, आणि पुढल्या वर्षी तीच लिनक्स या परवान्याखाली खुली केली. आज आपल्या खिशातील बहुतेक फोन अँड्रॉइडचे आहेत आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे.

येथपर्यंत सर्व ठीक. पण हजारो माणसे हजारो ठिकाणांहून ठिगळे पाठवू लागली, तर ती लावावयाची कोणी? आणि कोणते लावावयाचे, कोणते परतवावयाचे, हे ठरवावयाचे कोणी? मला वाटते, खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो.

लिनक्सची पहिली दहा वर्षे ठिगळे पत्राने येत आणि टॉरव्हाल्ड्स ती स्वतःच्या हाताने चढवीत असे. हा व्याप इतका वाढला, की चांगली ठिगळेही गहाळ होऊ लागली. मग प्रांतवार राखणदार नेमले गेले. एकाकडे ध्वनी, एकाकडे जाळे, एकाकडे फाइली. त्यांची नावे संहितेबरोबरच एका यादीत असतात. २००५ च्या एप्रिलमध्ये टॉरव्हाल्ड्सने ‘गिट’ नावाचे साधन लिहिले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची अखंड बखर ते ठेवते. प्रत्येक ठिगळाखाली नावे असतात: हे मी लिहिले, हे मी तपासले, हे मी चालवून पाहिले, आणि ही चूक प्रथम मी दाखवली. चूक दाखवणाऱ्याचेही नाव संहितेच्या इतिहासात कायमचे राहते, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे चूक दाखवणाऱ्याचे नाव वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवतात.

स्वयंसेवकांच्या बाबतीत एक खुलासा येथे केला पाहिजे. आज लिनक्समध्ये भर घालणाऱ्यांपैकी बहुसंख्य मंडळी मोठ्या कंपन्यांची पगारी आहेत. ‘लोकांनी फुकट केलेले’ हे वर्णन त्यास आता लागू पडत नाही. शुद्ध स्वयंसेवेचे मोठे उदाहरण पाहावयाचे तर १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनकडे पाहावे. त्यांचा सामाजिक करार आहे, लिखित घटना आहे, दरवर्षी मतदानाने नेता निवडला जातो. नव्या सभासदाला आधी काम करून दाखवावे लागते, आणि जुन्या सभासदाने त्याला प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून, त्याच्या सहीची खातरजमा करावी लागते. वारीत दिंडीला नंबर असतो आणि दिंडीत कोणी कोठे चालावयाचे तेही ठरलेले असते; बाहेरून पाहणाऱ्याला मात्र नुसती गर्दी दिसते. डेबियनचे तसेच आहे. २०२३ मध्ये या मंडळाची वार्षिक परिषद आपल्या देशात, कोचीला भरली होती.

आणखी एक शंका सोलापूरकर हमखास काढतील. म्हणून मीच काढतो. सगळेच खुले केले तर नाव कसे राखावयाचे? सोलापुरी चादरीच्या नक्कला बाहेरगावी होतात आणि सोलापुरी म्हणून खपतात, हे दुखणे येथे सर्वांस ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून २००५-०६ च्या सुमारास सोलापुरी चादरीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. खुल्या आज्ञावलीवाल्यांनीही हा भेद केला आहे. संहिता सर्वांची, नाव मात्र राखलेले. लिनक्स या नावाची नोंद टॉरव्हाल्ड्सच्या नावे आहे. फायरफॉक्स या न्याहाळकाच्या संहितेत डेबियनवाल्यांनी स्वतःची ठिगळे लावली, तेव्हा मूळ संस्थेने सांगितले, की संहिता खुशाल बदला, पण मग आमचे नाव लावू नका. २००६ पासून दहा वर्षे डेबियनमध्ये तीच वस्तू ‘आइसवीझल’ या नावाने चालत होती. २०१६ मध्ये समेट झाला. नक्षी वाटावी आणि नाव राखावे, यात विसंगती नाही.

आता आपल्या भाषेकडे येतो. संगणकावर मराठी उमटू लागली ती तुकड्यातुकड्यांनी. प्रत्येक अक्षरसंच बनवणाऱ्याची मांडणी निराळी. एका ठिकाणी लिहिलेले पत्र दुसऱ्या ठिकाणी उघडले की खिळे उधळल्यासारखा मजकूर समोर येई. भारतीय लिप्यांसाठी सरकारी प्रमाण ठरले आणि त्याच्याच आधारे १९९१ साली युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरी आली. परंतु देवनागरी आली म्हणजे मराठी आली असे नव्हे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, आपल्याला लागतो. तो कसा साठवावा याचा नियम करावा लागला, आणि नुसता नियम होऊन भागत नाही, प्रत्येक आज्ञावलीत तो कोणीतरी उतरवावा लागतो. ‘ॲ’ हे अक्षर तर २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत आले. तोवर ॲडव्होकेट आणि ॲल्युमिनियम लिहिताना लोक अ-वर चंद्र चढवण्याच्या नाना खटपटी करीत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी, त्यांचेही तेच.

अक्षरांचे तुकडे जुळवून जोडाक्षर बनवणारी एक खुली आज्ञावली आहे, तिचे नाव ‘हार्फबझ’. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सर्वांच्या पोटात तीच बसलेली आहे. म्हणजे तुम्ही फोनवर वाचता त्या मराठीतील ‘क्ष’ आणि ‘ऱ्या’ बहुधा तिनेच जुळवलेले असतात. हे नाव ऐकून ते इंग्रजी असावे असे वाटेल. ते फारसी आहे. त्यातला हर्फ म्हणजे आपला हरफ. ‘त्याने चकार हरफ काढला नाही’ असे आपण म्हणतो तोच. हरफ-बाज, म्हणजे खुली अक्षरे. शिवकालापूर्वी दफ्तरातून मराठीत आलेला शब्द असा संगणकाच्या पोटातून आपल्याला पुन्हा भेटतो. ‘लोहित’ नावाचे खुले अक्षरसंच २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीकडून आले. ते काम मोबदला घेऊन झालेले होते. पण संहिता खुली असल्याने त्यात पुढे कोणालाही दुरुस्ती सुचवता आली.

आणि मराठी विकिपीडिया! १ मे २००३ पासून ती चालू आहे. तिच्यातील लेखांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिला चालवणारी मीडियाविकी ही खुली आज्ञावली आणि तिच्यावरचे मराठी शब्द यांविषयी कोणी बोलत नाही. नवशिक्याने लिहून पाहावयाच्या पानाला तेथे ‘धूळपाटी’ म्हणतात. पंतोजींच्या शाळेत मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत, तीच ही. सर्वांनी जमून बोलावयाच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. हे शब्द कोणा समितीने ठरवलेले नाहीत. बिनपगारी माणसांनी रात्री जागून, एकमेकांशी वाद घालून रूढ केले. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणणे आज आपल्याला अंगवळणी पडले आहे. सरकारी परिभाषेत कित्येक वर्षांत जे साधले नाही, ते येथे साधले, असे माझे मत आहे. ज्यांना ते अतिशयोक्त वाटेल त्यांनी परिभाषाकोश आणि ‘धूळपाटी’ शेजारी ठेवून पाहावे.

तेथे ‘अलीकडील बदल’ नावाचेही एक पान आहे. कोणी काय बदलले ते क्षणोक्षणी त्यात उमटते. रोज हे पान उघडून, कोणी शिवीगाळ लिहिली काय, कोणी जन्मसाल बदलले काय, ते पाहणारी काही मोजकी माणसे असतात. नवा लेख लिहिणाऱ्याचे कौतुक होते; या मंडळींचे नाव कोणी घेत नाही. सोलापूरच्या तरुणांनी यात शिरावयाचे असेल तर कोठून, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, की नवे काही रचण्याच्या फंदात आरंभी पडू नका. आपल्या फोनवर जेथे ‘ऱ्या’ फुटलेला दिसतो, जेथे मराठी वाक्य अर्धे इंग्रजीत राहिले आहे, ती जागा नेमकी टिपा: कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, काय अपेक्षित होते, काय दिसले. ते नीट लिहून योग्य ठिकाणी कळवा. उत्तर येण्यास महिना लागेल. कदाचित येणारच नाही. ठिगळ परत येईल, दोनदा येईल. ज्याला एखाद्या उस्तादाच्या हाताखाली तुटलेला धागा सांधत बसण्याची सवय आहे, त्याला हे जड जाणार नाही. आपल्या गावाची आणखी एक जमेची बाजू आहे. येथे घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी माणसे आहेत. तीन लिप्यांतील जोडाक्षरे एकाच नजरेने तपासू शकणारी माणसे जगात फार नाहीत.

राखणीच्या कामाला माणसे का हवीत, हे दोन प्रसंगांनी सांगतो.

बँकेचा व्यवहार करताना आपला मजकूर गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल नावाची खुली आज्ञावली आहे. जगातील संकेतस्थळांचा फार मोठा भाग तिच्यावर विसंबून होता. एका स्वयंसेवकाने तिच्यात २०११ च्या डिसेंबरअखेरीस एक सुधारणा घातली गेली. तपासणाऱ्याच्या नजरेतून एक चूक निसटली. ती दोन वर्षांहून अधिक काळ तशीच होती. ७ एप्रिल २०१४ रोजी ती जाहीर झाली तेव्हा हलकल्लोळ उडाला. चौकशीत निघाले काय, तर या आज्ञावलीचे पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक होता आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या. अब्जावधींचा व्यापार ज्या भिंतीवर उभा, तिला गिलावा करणारा एक गवंडी, तोही अर्धपोटी. कोणी त्या स्वयंसेवकाला दोष दिला. मला तो देववत नाही. चूक लिहिणाऱ्याची होती तशीच ती न वाचणाऱ्या हजारोंचीही होती.

दुसरा प्रसंग याहून गंभीर आहे, कारण तेथे चूक नव्हती, कपट होते. फाइली दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ नावाची एक साधी आज्ञावली आहे. फिनलंडमधील एक गृहस्थ ती कित्येक वर्षे एकट्याने, फावल्या वेळात सांभाळीत होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ असे नाव लावणारा एक जण तिच्यात चांगली, उपयुक्त ठिगळे पाठवू लागला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी राखणदाराकडे तगादा सुरू झाला: काम मंद चालले आहे, तुम्हाला होत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. राखणदाराने उत्तरात आपली प्रकृती आणि मनःस्थिती ठीक नसल्याचे सांगितले आणि हे काम बिनमोबदल्याचे, हौसेचे आहे, याची आठवण दिली. ती पत्रे आजही वाचता येतात. ती वाचताना, दमलेल्या माणसाला चारी बाजूंनी घेरणे म्हणजे काय, ते कळते. शेवटी त्याने त्या मदतनिसाच्या हाती किल्ल्या दिल्या. २०२४ च्या आरंभी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवले गेले. दूरच्या संगणकात शिरण्याची जी मुख्य वाट, तिचे कुलूप त्यायोगे बाहेरून उघडता आले असते.

हे जगभर पसरले नाही, ते एका माणसाच्या खोडीमुळे. आन्द्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर निराळेच मोजमाप करीत होता. संगणकात शिरण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्याच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर त्याने चहा घेतला असता. फ्रॉइंड मागोवा घेत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे प्रकरण सर्वांसमोर मांडले. संहिता खुली होती म्हणून त्याला मागोवा घेता आला, हे खरे. पण ती खुली होती म्हणूनच जिया टॅनलाही आत येता आले, हेही तितकेच खरे. पुष्कळ डोळे असले की दोष लपत नाही, असे या क्षेत्रातले लोक मोठ्या अभिमानाने म्हणत असत. डोळे पुष्कळ होते; पाहत मात्र एकच जण होता. जिया टॅन कोण, हे अद्याप उघड झालेले नाही.

फिनलंडमधील त्या गृहस्थांनी मग काय केले? किल्ल्या परत घेतल्या. त्या मदतनिसाने दोन-अडीच वर्षांत घातलेली ठिगळे पुन्हा वाचावयास घेतली. त्यांतील कित्येक चांगलीही होती, ती ठेवावयाची की काढावयाची हाही प्रश्न होता. कोणते का ठेवले, कोणते का काढले, ते गिटच्या बखरीत लिहून ठेवले. २९ मे २०२४ रोजी, बरोबर दोन महिन्यांनी, चोरदार काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती त्यांनी प्रसिद्ध केली.